दोन मोटारींचा रोजमेळ

आमच्या रसायनीत कोणी नवी मोटार दारात आणून उभी केली, की शेजारचे गृहस्थ पेढा तोंडात टाकता टाकता एकच प्रश्न विचारतात, "ॲव्हरेज काय देते?" लग्नाच्या बैठकीत मुलाचा पगार विचारावा तितक्या सहजतेने हा प्रश्न येतो, आणि उत्तरही तसेच थोडे फुगवून सांगण्याची रीत आहे. बाराचे अठरा होतात, अठराचे बावीस. ऐकणाराही मनातल्या मनात चार वजा करून घेतो, आणि व्यवहार पुरा होतो.

मी पनवेलच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. समासविग्रह करणाऱ्या माणसाने इंजिनात डोके घालू नये, हे मला कळते. पण २०२४ सालच्या एप्रिलपासून पुढे वर्षभर माझ्या दारात एक सोडून दोन मोटारी उभ्या होत्या, आणि त्या दोहोंचा पैन् पैचा हिशेब आमच्या घरात लिहिला गेला. तो खरा हिशेब आहे. तेव्हा वाचकांनी चार वजा करण्याची तसदी घेऊ नये.

पहिली मोटार माझी. तिला आम्ही 'पांढरी' म्हणतो. २०१८ सालची स्कोडा ऑक्टेव्हिया, २०२१ मध्ये दुसऱ्या हाताची घेतलेली, तेरा लाखांना. तिचे सुटे भाग परदेशातून यायचे आणि जोडणी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास व्हायची. इंजिन १.४ लिटरचे, ताकद दीडशे घोड्यांची. मराठीच्या प्राध्यापकाला दीडशे घोडे कशाला, असे माझे एक सहकारी विचारतात. त्यांच्याकडे स्कूटर आहे.

दुसरी 'लाल'. ही माझ्या धाकट्या बंधुराजांची. आडनाव तेच, ऑक्टेव्हिया. पण पुढे 'आरएस २४५' अशी पदवी. ही मात्र सबंधच्या सबंध परदेशात तयार होऊन बोटीने आलेली. २०२० मध्ये अशा फक्त २०० गाड्या हिंदुस्थानात आल्या, आणि त्यांतली एक आमच्या पुण्यातल्या संगणक-अभियंता बंधूने घेतली. किंमत ३५ लाख ९९ हजार. पण ती नुसती छापील. आयात गाडी म्हणून वाहनकर २० टक्के, म्हणजे सात लाखांच्या वर, शिवाय विमा. गाडी रस्त्यावर उतरली तेव्हा आकडा चव्वेचाळीस लाखांपुढे गेला होता. मुळात त्या छापील किमतीतही सीमाशुल्क दडलेले होते. त्या वेळी ४० हजार डॉलरांच्या आतल्या आयात गाडीवर ते ६० टक्के होते. २०२३च्या अर्थसंकल्पाने ७० केले. थोडक्यात, बंधुराजांनी एक मोटार स्वतःसाठी घेतली आणि दुसरीइतके पैसे सरकारला दिले. इंजिन दोन लिटरचे, घोडे २४५, आणि थांबलेल्या अवस्थेतून ताशी शंभराचा वेग साडेसहा-सात सेकंदांत.

एप्रिलमध्ये बंधुराजांची जर्मनीला बदली झाली. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी लाल आमच्या दारात आणून उभी केली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "दादा, उभी राहिली तर बॅटरी बसेल, टायर एका जागी चपटतील. हिला चालव. आणि एक सांगतो, हिला ९५ आकड्याचंच पेट्रोल घाल."

"आणि नाही घातलं तर?"

"दादा!" एवढेच म्हणून ते थांबले. आईला कोणी पाजायच्या दुधात पाणी घालू का म्हणून विचारावे, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

या दोन्ही मोटारींना टर्बो आहे. टर्बो म्हणजे काय, हे मला आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या तीर्थरूपांनी, एका शब्दात समजावून दिले. ते म्हणाले, "फुंकणी." चुलीत लाकडे तेवढीच असली तरी फुंकणी मारली की जाळ वाढतो. इंजिनाचेही तसेच आहे. त्यात जास्त हवा कोंबली, की जास्त पेट्रोल जाळता येते आणि छोटे इंजिन मोठ्याचे काम करते. गंमत अशी, की ही फुंकणी मारायला कोणी बसावे लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूरच वाटेत एक चक्र फिरवतो, आणि त्या चक्राच्या दांड्यावर बसवलेले दुसरे चक्र बाहेरची हवा आत ढकलते. ती चक्रे मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतात. अल्फ्रेड ब्यूशी नावाच्या एका स्विस इंजिनीअराने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. वाया जाणाऱ्या धुराकडून काम करवून घेणारा हा मनुष्य कोकणस्थ कसा नव्हता, याचे अण्णांना नवल वाटते.

फुंकणीचा खर्च मात्र चुलीला माहीत असतो. दाबलेली हवा तापते, तापलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधीच पेटू पाहते, म्हणून चढ्या आकड्याचे पेट्रोल लागते. चक्राच्या दांड्याला तेल उत्तम लागते आणि ते वेळेवर बदलावे लागते. हे दुखणे पहिल्यापासूनचे आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर या नावाची टर्बोची मोटार निघाली. तिच्या मालकाला पेट्रोलखेरीज पाणी आणि मेथॅनॉल यांचे एक मिश्रण वेगळ्या टाकीत भरत राहावे लागे. ते संपले की मोटारीचा जोर कमी होई. लोक ते भरायला विसरत. पुढे पुष्कळांनी फुंकणीच काढून टाकून साधा कार्ब्युरेटर बसवून घेतला. बीएमडब्ल्यूने १९७३ मध्ये आपली टर्बोची गाडी काढली, तर त्याच सुमारास जगावर तेलसंकट कोसळले. ती जेमतेम १६७२ तयार झाल्या. वेगवान मोटारीचा मुहूर्त आणि पेट्रोलचा भाव यांचे जुने वैर असावे.

आता हिशेबाकडे. अण्णा रसायनीच्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्समध्ये, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या 'एचओसी'त, भांडार विभागात होते. १९७१ ला लागले, २००४ ला निवृत्त झाले. ज्या कारखान्यांनी या गावाला रसायनी हे नाव दिले, त्यांतला हा थोरला. २०१७ मध्ये केंद्र सरकारने तो बंद करण्याचा निर्णय घेतला. अग्निबाणांच्या इंधनाला लागणारे एक रसायन बनवणारा विभाग तेवढा इस्रोकडे गेला. अण्णा त्यानंतर कितीतरी दिवस वर्तमानपत्र उलटे घडी करून ठेवत. पण भांडाराची शिस्त काही बंद पडली नाही. आजही आमच्या घरात गव्हाच्या डब्यावर चिठ्ठी असते : आवक, जावक, शिल्लक.

दोन मोटारी दारात येताच अण्णांनी एक जुनी कापडी पाठीची वही काढली आणि रकाने आखले. तारीख, किलोमीटर, लिटर, दर, रक्कम. आणि शेवटी 'कारण'.

"कारण कशाला, अण्णा?" मी विचारले.

"भांडारातून एक वॉशरसुद्धा कारणाशिवाय बाहेर जात नसे," ते म्हणाले. "मागणीचिठ्ठीवर कारण नसलं तर मी साहेबालाही परत पाठवलंय."

तेव्हापासून एक आठवडा पांढरी, एक आठवडा लाल, अशी पाळी सुरू झाली. दोघींच्या वाट्याला वर्षभरात पाच पाच हजार किलोमीटर आले. रस्ता बहुतेक एकच. मोहोपाड्याहून दांडफाटा, तिथून जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने पनवेल, आणि संध्याकाळी उलटे. मालाच्या ट्रकांमागे रांगत जाण्याचा रस्ता. या रस्त्यावर २४५ घोडे असले काय आणि अडीच असले काय, पुढच्या टँकरच्या पाठीवर लिहिलेली 'ज्वलनशील' ही अक्षरे सारख्याच अंतरावरून वाचायला मिळतात.

पांढरीने लिटरला १३.२ किलोमीटर दिले. लालने ९.६. पांढरी ३७९ लिटर प्याली, १०४ रुपयांच्या दराने ३९ हजार ४००. लाल ५२१ लिटर, आणि तेही बंधुराजांच्या आज्ञेप्रमाणे १११ रुपयांचे. ५७ हजार ८००. म्हणजे पेट्रोलाच्या पोटी फरक अठरा हजार चारशेंचा, किलोमीटरला ३ रुपये ६८ पैसे. हल्ली पेट्रोलात पाचवा हिस्सा इथेनॉल असते आणि लिटरमागे त्याची उष्णता पेट्रोलाहून सुमारे तृतीयांशाने कमी. पण तो भार दोघींवर सारखाच.

अठरा हजार हा आकडा मला पहिल्यांदा फार वाटला नाही. वर्षाला अठरा हजार म्हणजे महिन्याला दीड. दिवसाला पन्नास रुपये! पन्नास रुपयांत कँटीनमध्ये दोन वडापाव आणि चहा येतो. मन वकिली करू लागले, की भागाकार फार उत्तम येतो.

पण अण्णांची वही पेट्रोलावर थांबत नव्हती. विम्याचे पान उघडले. तिथे एक मौज दिसली. दुसऱ्याला इजा झाली तर त्याची भरपाई देणारा जो सक्तीचा विमा, तो घोडे मोजत नाही. इंजिनाचे आकारमान मोजतो. १५०० सीसीच्या आतल्या पांढरीला ३४१६ रुपये, त्यावरच्या लालला ७८९७. दोन लिटरचे बैलगाडीसारखे चालणारे इंजिन असले तरी तेच ७८९७! परंतु स्वतःच्या मोटारीचा विमा तिच्या किमतीवर ठरतो, आणि तिथे लालने पांढरीच्या अडीचपट घेतले.

टायरांच्या पानावर मला स्वतःला लिहायचे होते, पण अण्णांनी लिहू दिले नाही. पांढरीची चाके सोळा इंची, टायर साडेआठ हजारांचा, आणि चाळीस-पंचेचाळीस हजार किलोमीटर सहज जातो. लालची चाके अठरा इंची. त्यांच्यावर रबर असे बेताचे, की भाकरीला तूप लावल्यासारखे. एक टायर एकोणीस हजारांचा, आयुष्य तीस हजार किलोमीटर. हिशेब केला तर पांढरीचे टायर किलोमीटरला ७६ पैसे झिजतात आणि लालचे २ रुपये ५३ पैसे. जुलैतल्या एका संध्याकाळी, पाण्याने भरलेल्या एका खड्ड्याने माझ्या लालचा पुढचा डावा टायर फाडला. (लेखणी 'माझ्या' लिहून गेली. असू द्या.) खड्डा कोणत्या खात्याच्या मालकीचा होता, याची चौकशी मी केली नाही. तीन दिवस टायर मिळाला नाही. त्या मापाचा टायर पनवेलच्या पहिल्या दुकानात नव्हता, दुसऱ्यातही नव्हता. तिसऱ्या दुकानदाराने मुंबईहून मागवून दिला. त्यानंतर सप्टेंबर संपेपर्यंत लाल ताडपत्रीखाली राहिली. पावसाळ्यात पायात घालण्याच्या चपला वेगळ्या असतात.

आणि सर्वांत मोठा खर्च तर किल्ली न फिरवता होतो. चव्वेचाळीस लाखांना पडलेल्या लालला पाच वर्षांनी बाजारात सत्तावीस लाख येत होते. सतरा लाख पाच वर्षांत वाफ झाले. दिवसाला ९३० रुपये! पांढरीचे तेरावरून साडेआठ झाले होते चार वर्षांत. तिचे दिवसाला तीनशे. रात्री मी खिडकीतून बघत असे. दोघी शेजारी शेजारी झोपलेल्या, आणि सकाळपर्यंत एकीने स्वतःचेच पाचशे रुपये खाल्लेले असायचे.

इतके सगळे समजूनही मी लालच्या प्रेमात पडलो, हे कबूल करायला हवे.

वय सेहेचाळीस. आयुष्यात कधी कोणी वळून पाहिले नाही. लाल घेऊन महाविद्यालयाच्या फाटकातून पहिल्यांदा आत गेलो, तेव्हा दारवान उभा राहिला. शेवटच्या बाकावरच्या ज्या मुलांनी अलंकार शिकवताना माझ्याकडे कधी मान वर करून पाहिले नव्हते, ती मोटारीभोवती जमून "सर, स्टेज वन करणार का?" असे काहीतरी विचारू लागली. हे स्टेज वन म्हणजे इंजिनाच्या संगणकाची लिपी बदलून आणखी घोडे काढणे, असे त्यांनीच मला शिकवले. त्या तासाला वर्ग प्रथमच भरलेला होता. प्राचार्यांनी मात्र मला खोलीत बोलावून अत्यंत सौम्यपणे विचारले, की मी कोठे खासगी शिकवणी तर सुरू केलेली नाही ना?

आणि द्रुतगती मार्ग! तिथे मोटारींना वेगाची मर्यादा ताशी शंभर, घाटात त्याहूनही कमी, आणि हल्ली जागोजागी कॅमेरे. म्हणजे अडीचशेचा वेग गाठू शकणाऱ्या लालला आणि पांढरीला मर्यादा एकच. पण मर्यादेत राहूनही एक चैन उरते. टोलनाका ओलांडला, की पाय नुसता टेकवायचा. पाठ आसनाला चिकटते, पोटात झोपाळ्याचा गोळा येतो, आणि सहा-सात सेकंदांत शंभर होऊन सगळे संपतेही. त्या सहा सेकंदांत मी प्राध्यापक नसे, गृहस्थ नसे, आयकर भरणारा नसे. पांढरीला हेच करायला आठ सेकंद लागतात. दीड-दोन सेकंदांचा हा फरक. वाचक हसतील, पण या दोन सेकंदांसाठी मी जे करायला निघालो होतो, ते हसण्यासारखे नाही.

२०२५च्या मे महिन्यात बंधुराजांचा फोन आला. जर्मनीतला मुक्काम वाढला होता, बहुधा कायमचाच. "दादा, लाल तूच ठेव. बाहेर सत्तावीस येतील, तुला वीसला. सावकाश दे."

सावकाश देण्याचा माझा स्वभाव नाही. मी रात्रभर हिशेब केला. पांढरीचे साडेआठ. आणि मुलीच्या नावाने ठेवलेली मुदतठेव बारा लाख. साडेवीस! वर पन्नास हजार उरत होते, ते टायरांना. मुलगी त्याच वर्षी बारावी झाली होती, वास्तुविद्येला जायचे म्हणत होती, आणि ती ठेव त्यासाठीच होती. पण मन म्हणाले, शैक्षणिक कर्ज मिळतेच की. आजकाल सगळेच काढतात. शिवाय सात लाखांची मोटार फुकट पडते आहे, हा काय खर्च म्हणायचा? ही तर बचत! सात लाख वाचवण्यासाठी वीस लाख घालवणे हा व्यवहार त्या रात्री मला अगदी चोख वाटला.

लालचा पक्ष मजबूत करावा म्हणून मी पहाटे अण्णांची वही काढली. रकमांचे रकाने पाठ होते. त्या वेळी मी पहिल्यांदाच शेवटचा रकाना वाचला.

पांढरीच्या पानांवर अण्णांच्या तिरप्या अक्षरांत लिहिले होते : कॉलेज. कॉलेज. दळण. डॉक्टर. कॉलेज. मुलीचा क्लास. गॅस. कॉलेज. लालच्या पानांवर कॉलेज होतेच, पण मधूनच दुसरे शब्द सुरू होत. 'पेट्रोल भरण्यास.' आमच्या जवळच्या पंपावर ९५चे पेट्रोल नसे, म्हणून मी खोपोलीपर्यंत जाऊन येत असे. पेट्रोल आणण्यासाठी पेट्रोल जाळण्याचे हे प्रकरण वहीत अकरा वेळा होते. आणि मग 'सहज'. 'सहज.' 'सहज.' मी मोजले. एकतीस वेळा 'सहज'.

भांडारातल्या माणसाने 'सहज' हे कारण मान्य कसे केले, याचा उलगडा पुढच्या शब्दांनी झाला. एकतीसपैकी बावीस ठिकाणी त्यापुढे लहान अक्षरांत होते : 'सोबत स्वतः.'

अण्णा एकोणऐंशी वर्षांचे. आई गेल्यापासून दवाखाना सोडून कोठे जात नसत. लाल आल्यावर मला रविवारी कोठे तरी निघायला निमित्त हवे असे आणि एकट्याने जाण्याची लाज वाटे, म्हणून मी त्यांना बसवून नेई. आपट्याच्या स्टेशनावर गेलो. तिथे 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'मधली धावत्या गाडीची अखेर चित्रित झाली, हे त्यांना आमच्या मुलीने सांगितले होते. ते फलाटावर थोडे चालले आणि म्हणाले, "इथून मी सातची गाडी पकडत असे." चौकवरून जाताना इर्शाळगड दिसला, की ते हात जोडत, २०२३च्या जुलैत त्याच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली, त्यात त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते, तरी जोडत. खोपोलीला टाटांच्या वीजघराजवळ थांबलो, की ऐकायचे ठरलेले : १९१५ पासून हे डोंगरावरचे पाणी विजेचे काम करून खाली पाताळगंगेत पडते आहे, आणि त्याच पाण्यावर आपले कारखाने आले, आपण आलो, तू आलास. आणि जुन्या बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाशी तर चार वेळा. इंग्रजाला घाटातली वाट दाखवली आणि त्याचा मोबदला म्हणून गोळी खाल्ली, अशी ज्या धनगराची कथा सांगतात, त्याचे ते देऊळ. तिथे लाल थांबवली, की मी उतरू लागे, आणि अण्णा म्हणत, "मिनिटभर चालू ठेव. दम घेऊ दे तिला." चढ चढून आल्यावर तापलेल्या टर्बोला एकदम बंद करू नये, हे त्यांना मी सांगितले नव्हते. कारखान्यातल्या यंत्रांवरून त्यांनी ते ताडले होते.

तीन वर्षे पांढरी माझ्याकडे होती. तिच्यातून मी त्यांना शिंग्रोबाला एकदाही नेले नव्हते.

आता सांगा, हा हिशेब कोणाच्या बाजूचा? किलोमीटरला ३ रुपये ६८ पैसे जास्त, त्यावर टायर, त्यावर विमा. आणि त्यातून बावीस रविवार. मी लालच्या बाजूने उठलो. ठेवीची पावती खिशात घातली आणि दहाच्या ठोक्याला बँकेत गेलो. खिडकीपलीकडे माझीच एक जुनी विद्यार्थिनी होती. तिने पावती पाहिली, आणि आदराने विचारले, "सर, मुदतीआधी मोडायची? कारण काय लिहू?"

त्या पोरीच्या हातात पेन होते आणि ती माझ्याकडे पाहत होती. मी घसा साफ केला. एकच शब्द जिभेवर आला, आणि तो काही केल्या उच्चारवेना.

"राहू द्या," मी म्हणालो. "पासबुक तेवढं भरून द्या."

आमच्या सौ.ला ही हकीकत हा अंक हाती पडल्यावरच कळेल. म्हणून फराळाचे ताट आधी संपवून मगच अंक तिच्या हाती द्यायचा, असे मी ठरवले आहे.

गणपतीच्या आधी बंधुराज दहा दिवसांसाठी आले आणि लाल विकायची ठरली. कर्जतचा एक तरुण पाहायला आला. त्याने दारे उघडून मिटली, खाली वाकून पाहिले, चाकांवरून हात फिरवला, आणि मग तो सनातन प्रश्न विचारला. बंधुराज "चौदा–" म्हणतात न म्हणतात तोच अण्णांनी आतून वही आणली, चष्मा लावला आणि स्पष्ट वाचले, "नऊ पूर्णांक सहा दशांश. पाच हजार किलोमीटरांवर. आणि जुलैत पुढचा डावा टायर बदलला आहे, बाकीचे तीन जुने आहेत."

बंधुराजांनी डोळे मिटून घेतले. त्या तरुणाने मात्र वही मागून घेतली आणि पाने उलटू लागला. "आजोबा, हे 'सहज' म्हणजे काय?"

"सहज म्हणजे सहज," अण्णा म्हणाले आणि वही परत घेतली.

टायरांपोटी पंचवीस हजार कमी करून सौदा झाला. लाल दांडफाट्याकडे वळेपर्यंत आम्ही तिघे फाटकात उभे होतो. वळताना त्या पोराने पाय टेकवला; तो आवाज आम्ही ऐकला, आणि बंधुराज म्हणाले, "अजून इंजिन तापलं नाही, आताच काय..." आणि पुढे बोलले नाहीत. आमच्या मुलीला जुलैतच पुण्याला प्रवेश मिळाला होता. चार दिवसांनी बंधुराज तिला वसतिगृहात भेटून परत जर्मनीला गेले.

त्याच्या पुढच्या रविवारी मी सकाळी पेपर तपासत बसलो होतो. नऊ वाजता अण्णा धुतलेला सदरा घालून, काठी घेऊन, दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसले. काही बोलले नाहीत. मी आणखी दोन उत्तरपत्रिका तपासल्या. मग उठलो, आणि पांढरीची किल्ली घेतली.

घाटात पांढरीला दुसऱ्या गिअरमध्ये आणावे लागले. लालला हे कधी सांगावे लागत नसे. ती आपले आपण करी. शिंग्रोबाशी थांबल्यावर मी सवयीने इंजिन चालू ठेवले. अण्णांनी घड्याळात मिनिट मोजले आणि मान हलवली. येताना टाकी भरली. घरी आल्यावर त्यांनी वही काढून लिटर लिहिले, दर लिहिला, भागाकार केला, आणि कपाळाला आठी घालून पुन्हा केला.

"अकरा पूर्णांक चार," ते म्हणाले. "घाटात फार पडली हो."

शेवटच्या रकान्यात काय लिहिले, ते मी वाकून पाहिले नाही.